प्रतवारी

पणजीहून आलेल्या एडविन कुलासोने
पंख्याखाली फडफडणारा फॉर्म माझ्याकडे सरकवला.
"हिशेब तुम्हीच बघता ना, माजिक? मग तुम्हीच भरा."
प्रश्न सातवा: जागतिक बाजारात देश कशामुळे टिकतो?
दोन ओळींत लिहा.

दोन ओळी.

बी येते बिसावहून.
आमच्या सत्तरीतलं झाड दोन महिने देतं,
बोंडू भट्टीवाले नेतात,
बी मे संपायच्या आत फोडून होते,
मग वर्षभर आफ्रिकेची पोती, तिकडची लाल माती तळाशी.
ज्यांनी इथे हे झाड आणलं
त्यांनीच तिकडेही लावलं असणार.
म्हणजे एकाच भाटकाराची दोन कुळं
आता एकमेकांना माल विकतात.

हॅम्बर्गचा माणूस फोनवर फार नम्र.
व्हिएतनामपेक्षा तुमचा पौंडामागे अकरा सेंट जास्त, म्हणतो,
आणि मग पावसाची चौकशी करतो.

ते अकरा सेंट शोधत मी रात्री वही उघडून बसतो.
तीन सापडतात विजेत:
दुपारी अडीचला जाते, बॉयलर निवतो,
पुन्हा तापेपर्यंत बायका गप्पा मारतात, त्यांचा रोज चालू.
चार रस्त्यात:
मुरगाव बंदर हाकेवर,
पण आमचा माल चोर्ल्याचा घाट चढून
न्हावाशेव्याला जातो, जहाज तिथे थांबतं म्हणून.
दोन कागदांत. एक शिक्का वास्कोला, दुसरा पणजीला,
आणि दुसरा देणारा साहेब बुधवारी नसतो.
उरले दोन.
ते दोन पात्रांव नेहमी
प्रेमावती गावसकडे बघत मोजतात.

ती खिडकीजवळच्या टेबलावर.
दोनशेचाळीस, तीनशेवीस, पाकळी, तुकडा, करपट,
बोटं चालतात, डोळे बाहेर रस्त्यावर.
किडका गर परातीत पडल्याच्या आवाजावरून ओळखते.
मी पैज लावून हरलोय. दोनदा.
आधी वीस वर्षं बी फोडायला होती,
राख चोळून, तेल चोळून,
तरी चिकाने खायचं ते खाल्लंच.

मार्चमध्ये हजेरीचं यंत्र आलं.
तिने अंगठा ठेवला.
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
पदराला पुसून पुन्हा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
मागच्या पोरी हसल्या,
मग त्यांच्यातल्याही दोघींना यंत्राने ओळखलं नाही.
महिनाभर प्रेमावती कागदोपत्री गैरहजर,
आणि त्याच महिन्यात सव्वा टन गर
तिच्या हाताखालून गेला, हॅम्बर्गलाच.

तिकडे हे काम कॅमेरा करतो.
खोटं कशाला बोलू, कोल्लमच्या प्रदर्शनात मी तो पाहिलाय.
तिचे दहा दिवस तो जेवणाच्या सुट्टीआधी संपवतो,
चुकतो, पण थकत नाही,
चतुर्थीला उचल मागत नाही.
पात्रांवनी किंमत विचारली,
मग कर्जाचा व्याजदर विचारला,
मग चहा मागवला.

पहिल्या ओळीत मी लिहिलं:
दुपारी अडीचला न जाणारी वीज.
दुसऱ्या ओळीत 'कुशल मनुष्यबळ' लिहून खोडलं.
कुलासो म्हणाला, राहू द्या की, सगळेच लिहितात.
म्हणूनच खोडलं, मी म्हणालो.

परात रिकामी करायला प्रेमावती उठली होती.
कुलासोने हौसेने तिलाच विचारलं,
सोपं करून, हातवारे करून:
ते लोक आपल्या पुढे का?

ती थोडा वेळ परात धरून उभी राहिली.
"तिकडच्या बायकांचा अंगठा लागतो काय हो?"

कुलासोने फॉर्म उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

पाच वाजता ट्रक लागला. सातशे खोकी.
चोर्ल्याला धुकं उतरलंय, ड्रायव्हर म्हणाला,
ताडपत्री जरा घट्ट बांधा.